नव्या पॉइंट टू टू पिस्तुलात राउंड अडकतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल खेळणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे .२२ लाँग रायफल काडतुसावर (काडतुसालाच राउंडही म्हणतात) चालणारं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल, पार्डिनी, वॉल्थर, मोरिनी, हॅमर्ली, जे असेल ते. एअर पिस्तूल सोडून नुकतेच इकडे आलेली मुलंमुली आणि त्यांचे आईबाबा फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं नीट लिहून काढलंय. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये याच २५ मीटर पिस्तुलात गोल्ड आणलं, त्यानंतर आपल्याकडे या इव्हेंटची ओढ वाढलीये आणि ते बघून खरंच बरं वाटतं. पण एअर पिस्तुलात ‘जॅम’ हा प्रकार जवळजवळ माहीतच नसतो आणि इथे पहिल्याच आठवड्यात भेटतो, तेव्हा पोरं घाबरतात.

नवं कोरं पिस्तूल, एवढे पैसे घातले, तरी अडकतं कसं? पीस खराब आलाय का?

बहुतेक वेळा नाही. पीस खरंच खराब निघणं दुर्मिळ आहे. नव्या पिस्तुलात अडकाअडकी होते ती बहुतेक करून तीन ठिकाणी, काडतूस, मॅगझिन आणि तेल-मळ, आणि लोक मात्र सगळ्यात आधी संशय घेतात पिस्तुलावर.

आत काय होतं ते एकदा समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जाईल. ही पिस्तुलं ब्लोबॅकवर चालतात. बोल्ट म्हणजे चेंबरचं (नळीतली राउंड बसायची जागा) मागचं तोंड बंद करणारा, मागेपुढे सरकणारा तुकडा, त्याला मागे लॉक वगैरे काही नसतं, फक्त त्याचं स्वतःचं वजन आणि मागची स्प्रिंग. राउंड फुटला की जो गॅस गोळीला पुढे ढकलतो तोच रिकाम्या पुंगळीला, म्हणजे गोळी गेल्यावर उरलेल्या पितळी नळकांड्याला, मागे ढकलतो, पुंगळी बोल्टला मागे रेटते, एक्स्ट्रॅक्टरने (बोल्टवरच्या छोट्या नखाने) तिची कड पकडलेली असते, मागे येता येता ती इजेक्टर नावाच्या खुंटीवर आपटते आणि बाहेर उडते. तोवर हॅमर (फायरिंग पिनवर आपटणारा घोडा) चढलेला असतो, स्प्रिंग दाबली गेलेली असते, आता ती स्प्रिंग बोल्टला पुढे फेकते आणि बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधला वरचा राउंड ढकलत रॅम्पवरून (चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावरून) चेंबरमध्ये बसवतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. आणि या सगळ्या कामाला ताकद पुरवतं ते एक बोटाच्या पेरापेक्षा थोडंसं मोठं काडतूस, ज्याच्या गोळीचं वजन असतं ४० ग्रेन, म्हणजे साधारण २.६ ग्रॅम. एवढीशी ताकद. मग स्प्रिंग नवी आणि कडक, कारखान्यातून आलेलं घट्ट तेल सगळीकडे, चेंबर मॅचसाठी बेताचं कापलेलं, यात थोडं जरी कुठे घर्षण वाढलं तरी बोल्ट पूर्ण मागे जात नाही किंवा पूर्ण पुढे येत नाही.

अडकलं की सगळ्यात आधी काय करायचं?

काहीच नाही. खरंच. नळी टार्गेटकडे, बोट ट्रिगरवरून बाहेर, आणि थांबा. ट्रिगर ओढला आणि फुटलं नाही असं असेल तर तसंच धरून निदान ३० सेकंद थांबायचं, कारण कधी कधी राउंड उशिरा पेट घेतो. लगेच बोल्ट ओढून तोंड जवळ नेऊन आत बघणं हा सगळ्यात धोक्याचा प्रकार आहे आणि नवीन पोरं नेमकं तेच करतात. चष्मा आणि इअर प्रोटेक्शन काढायचं नाही.

थांबून झालं की बाजूने बघा, हात न लावता. बोल्ट कुठे आहे, पुढे की अर्ध्यावर? दिसतंय ते पितळ रिकामं आहे की गोळीसकट? हे बघून ठेवलं नाही आणि खटाखट बोल्ट मागेपुढे केला तर पुरावाच गेला, मग कोचला काय सांगणार, ‘अडकलं होतं’ एवढंच ना. मग मॅगझिन काढा, बोल्ट मागे घ्या, चेंबर रिकामं आहे हे डोळ्याने बघा, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण म्हणून घालायची रंगीत पट्टी) घाला आणि मग बाकीचं.

एक वही ठेवा. कुठलं मॅगझिन, पाचातला कितवा राउंड, काय अडकलं, कुठल्या लॉटची (एका खेपेत बनलेली) काडतुसं. आठवड्यात चित्र दिसायला लागतं. आणि बदल करायचा तो एका वेळी एकच. काडतूसही बदललं, तेलही घातलं, मॅगझिनही दुसरं लावलं, आणि पिस्तूल चालायला लागलं, तर नेमकं कशामुळे चाललं हे कधीच कळणार नाही.

राउंड चेंबरमध्ये शिरतच नाही, नाक रॅम्पवर आपटून तिथेच बसतं. का?

आधी मॅगझिन. मला विचाराल तर दहातल्या बहुतेक वेळा मॅगझिनच.

मॅगझिन पूर्ण बसलंय का बघा. पार्डिनी आणि वॉल्थर जीएसपीमध्ये मॅगझिन ट्रिगरच्या पुढे बसतं, ग्रिपमध्ये नाही, आणि नवीन असताना त्याचा खटका कडक असतो, अर्धवट बसलं तरी बसल्यासारखं वाटतं. वर ढकलून झाल्यावर खाली हलकं ओढून बघायची सवय लावा.

मग मॅगझिनची तोंडं, म्हणजे वरच्या दोन पातळ कडा ज्या राउंडला धरून ठेवतात. या कडा राउंड कुठल्या कोनात आणि कधी सुटणार ते ठरवतात. मॅगझिन एकदा जरी सिमेंटच्या फरशीवर तोंडावर पडलं तरी कड किंचित वाकते, डोळ्याला दिसतही नाही, पण राउंडचं नाक खाली झुकतं किंवा वर जाऊन चेंबरच्या वरच्या काठाला धडकतं. चांगल्या मॅगझिनशेजारी धरून, वरून आणि समोरून, उजेडाकडे करून बघा. फरक असला तर दिसतो. पक्कड घेऊन स्वतः सरळ करू नका, मॅगझिन बाजूला काढा आणि जाणकाराला दाखवा.

म्हणूनच मॅगझिनवर मार्करने १, २, ३ नंबर टाका, पिस्तूल आलं त्याच दिवशी. जॅम नेहमी २ नंबरवरच होतोय असं वहीत दिसलं की पिस्तूल सुटलं, दोषी सापडला. आणि सगळ्या मॅगझिनवर सारखाच होतोय म्हटलं तर मग पुढे काडतुसाकडे आणि रॅम्पवरच्या मेणाकडे वळायचं.

मॅगझिन भरण्यात काही पद्धत असते का? आम्ही नुसते राउंड दाबत जातो.

असते, आणि ही गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून जरा विस्ताराने. .२२ चं काडतूस रिमवालं आहे, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड असते. राउंड एकावर एक बसतात तेव्हा वरच्या राउंडची कड खालच्या राउंडच्या कडेच्या पुढे असायला हवी. तशी असली तर बोल्टने ढकलल्यावर वरचा राउंड सुखाने पुढे सरकतो. उलट झालं, म्हणजे वरच्याची कड खालच्याच्या मागे अडकली, की पुढे जाताना तो खालच्यालाही ओढायला बघतो आणि दोन्ही तिथेच रुततात.

म्हणून फॉलोअरचं (राउंडना खालून वर ढकलणाऱ्या पट्टीचं) बटण एकदम तळापर्यंत दाबून पाच राउंड आत ओतायचे नाहीत. एका राउंडपुरतं खाली दाबा, राउंड पुढून मागे सरकवत घाला, पुढचा. भरून झालं की वरच्या राउंडला अंगठ्याने जरासं दाबून सोडा, तो परत वर उसळला पाहिजे, सुस्त वर आला तर आत मळ आहे. राउंडची नाकं किंचित वर आणि एका रांगेत दिसली पाहिजेत.

भरताना प्रत्येक काडतुसाकडे बघायचंही. नाकावर खरचटलंय, गोळी पुंगळीत हलतेय, कड वाकलीये, असे राउंड बाजूला. जॅम होऊन बाहेर काढलेला, नाक चेपलेला राउंड परत मॅगझिनमध्ये भरू नका, राउंड महाग असतात हे कबूल, पण तो परत अडकणारच.

काडतुसं कुठली वापरायची? हाय व्हेलॉसिटी घेतली तर बोल्ट जोरात मागे जाईल ना?

जाईल, आणि तेच नकोय. स्पोर्ट पिस्तुलं स्टँडर्ड व्हेलॉसिटीसाठी बनवलेली असतात, साधारण ३२० ते ३३० मीटर प्रति सेकंद. हाय व्हेलॉसिटी ३८० च्या आसपास जाते, तिच्याने बोल्ट मागे आपटतो, बफर (बोल्टचा धक्का झेलणारा तुकडा) लवकर फाटतो, फ्रेमला मार बसतो, आणि रिकॉइल वाढल्याने तुमची पुढची शॉटही बिघडते. जॅम घालवायला हा उपाय करू नका. आणि मॅचच्या नियमाप्रमाणे गोळी शिशाची किंवा तशाच मऊ धातूची लागते, तांब्याचं कव्हर असलेली आधीच बाद.

स्टँडर्डमध्येही प्रत्येक पिस्तुलाची आवड वेगळी असते. एस. के. स्टँडर्ड प्लस एकाला लागू पडतं, एली स्पोर्ट दुसऱ्याला, आर. डब्ल्यू. एस. किंवा सी. सी. आय. स्टँडर्ड तिसऱ्याला. गोळीच्या नाकाचा आकार महत्त्वाचा आहे, गोल नाक रॅम्पवरून घसरत जातं, चपटं नाक काही पिस्तुलांत काठाला अडतं. रायफलवाल्या मित्राकडची उत्तम काडतुसं पिस्तुलात उत्तम चालतीलच असं नाही, बोल्ट ॲक्शन रायफलमध्ये राउंड हाताने बसवला जातो, तिथे फीडिंगचा प्रश्नच येत नाही. म्हणून शक्य तिथे पिस्तुलासाठी म्हणून बनवलेलं काडतूस घ्या.

पिस्तुलासोबत फॅक्टरीचं टेस्ट टार्गेट येतं. ते फ्रेम करून भिंतीवर लावण्याआधी त्यावर कुठल्या काडतुसाने टेस्ट केलंय ते लिहिलंय का बघा, सुरुवात तिथून करा. दोन-तीन ब्रँडचे एकेक डबे कोचकडून किंवा क्लबातून मिळवून करून बघा, एकदम मोठा साठा भरून ठेवायची घाई नको. आणि जे पटलं त्याचा एकच लॉट मॅचपर्यंत पुरवा.

जाता जाता एक. पिस्तूल ‘नवीन’ म्हणजे फक्त तुमच्यासाठी नवीन असेल, जुनं रॅपिड फायर पिस्तूल कुणाकडून घेतलं असेल, तर बॅरलवर कॅलिबर वाचा. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपर्यंत रॅपिड फायर .२२ शॉर्टवर (लाँग रायफलपेक्षा आखूड काडतुसावर) खेळलं जायचं, २००५ पासून त्यातलं शॉर्ट काडतूस बंद झालं. त्या काळची शॉर्टची पिस्तुलं अजून फिरतायत. त्यात लाँग रायफल बसवायचा प्रयत्नही करू नका.

बोल्ट पूर्ण पुढे येत नाही, केसभर उघडा राहतो. अंगठ्याने ढकलून फायर केलं तर चालेल?

नाही. अजिबात नाही. राउंड चेंबरमध्ये पूर्ण बसलेला नसताना फुटला तर पुंगळीची भिंत आधाराशिवाय असते, ती फाटते आणि गरम गॅस आणि पितळाचे तुकडे बाजूने बाहेर येतात. चष्मा घाला असं कोच ओरडत असतो तो यासाठी.

मॅगझिन काढा, राउंड बाहेर काढा आणि चेंबर साफ करा. .२२ च्या शिशाच्या गोळीला बाहेरून मेण किंवा ग्रीस लावलेलं असतं, चेंबरच्या तोंडाशी ते मेण, काजळी आणि शिशाची खरवड यांचा एक कडक गोल थर जमतो. नव्या मॅच चेंबरमध्ये आधीच जागा बेताची, त्यामुळे शे-दोनशे राउंडमध्येच हा थर राउंडला शेवटचा मिलिमीटरभर आत जाऊ देत नाही. सॉल्व्हंट लावलेला ब्रश मागच्या बाजूने चेंबरमध्ये घालून फिरवा, दहा मिनिटं मुरू द्या, मग कोरड्या चिंधीने पुसून काढा. चिंधीवर काळं येणं थांबेपर्यंत. बोल्टच्या तोंडावरची खाच, जिथे रिम बसते, तिथेही हाच चिकटा असतो, तिथे टूथपिक.

रिकामी पुंगळी बाहेर न पडता बोल्टमध्ये उभी अडकते. हे नेहमी होतं.

याचा अर्थ बोल्ट मागे गेला पण पुरेशा जोरात गेला नाही. कारणं अशी:

काडतूस कमजोर आहे, किंवा त्यातला एखादा राउंड कमजोर आहे. तेल जास्त किंवा घट्ट आहे. रिकॉइल स्प्रिंग अजून नवी आणि कडक आहे. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली मळ बसलाय म्हणून त्याने पुंगळी अर्धवट पकडली. इजेक्टर झिजलाय किंवा हललाय, नव्यात हे फार कमी. आणि एक जे लवकर लक्षात येत नाही, तुमचा अंगठा किंवा ग्रिपचं लाकूड बोल्टला घासतंय.

ते शेवटचं जरा बघाच. ऑर्थोपेडिक (हाताच्या आकारात घडवलेली) ग्रिप नवीन असताना मोठी वाटते म्हणून लोक घासतात, वर पुटी लावतात, आणि पुटीचा एक उंचवटा बोल्टच्या वाटेत येतो. रिकाम्या पिस्तुलावर, मॅगझिन बाहेर, चेंबर दोनदा तपासून, बोल्ट हळूहळू मागे घेऊन पुढे सोडा, कुठे घासतंय का ते कानाने आणि बोटाने कळतं. लाकडावर किंवा पुटीवर चमकदार रेघ उमटलेली असते, ती खूण सोडू नका. अंगठा नेहमी शूटिंग करताना जिथे असतो तिथे ठेवा, दुसऱ्या हाताने बोल्टचे कान (बाजूच्या पकडायच्या कडा) ओढा आणि कुणाला तरी बघायला सांगा.

मग माझ्या पकडीचाही दोष असू शकतो का?

असू शकतो. ब्लोबॅकमध्ये बोल्ट मागे जाताना बाकीचं पिस्तूल जागेवर राहायला हवं. मनगट सैल असेल आणि पूर्ण पिस्तूलच मागे-वर उडत असेल तर बोल्टला फ्रेमच्या मानाने कमी प्रवास मिळतो. स्पोर्ट पिस्तूल वजनदार असतं म्हणून हा प्रकार इथे कमी दिसतो, पण एअर पिस्तुलावरून आलेल्या सडपातळ मुलामुलींत पहिल्या महिन्यात दिसतो. तपासायची सोपी पद्धत, तेच पिस्तूल, तेच मॅगझिन, तोच डबा, कोचच्या हातात द्या. त्यांच्याकडे पाचही राउंड सुरळीत गेले आणि तुमच्याकडे अडकले तर मनगट लॉक करायचा व्यायाम वाढवा. पिस्तुलाला दोष देणं सोपं असतं, मुलांना तसं करू देऊ नका, पण त्यांच्यावर चिडूही नका, ताकद यायला वेळ लागतो.

ट्रिगर ओढला, टक् आवाज आला, फुटलं नाही.

३० सेकंद थांबा, वर लिहिलंय. मग राउंड काढून त्याची कड बघा. .२२ मध्ये मधोमध कॅप नसते, पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि फायरिंग पिन कडेवरच आपटते.

कडेवर खोल, स्पष्ट खूण आहे तर दोष काडतुसाचा, त्या जागी मसाला पोचलाच नव्हता. असं कुठल्याही ब्रँडमध्ये अधूनमधून होतं. खूण अगदी हलकी आहे तर दोन शक्यता. बोल्ट पूर्ण बंद नव्हता म्हणून मार वाया गेला, किंवा फायरिंग पिनच्या नळीत तेल-मळ साचून पिन मंदावलीये. पिनची नळी कोरडी असली पाहिजे, लोक कौतुकाने तिथे तेलाचे थेंब सोडतात आणि मग त्यात काजळी मिसळून लेप होतो. खूणच नाही तर पिन तुटली असेल, गनस्मिथ.

न फुटलेले राउंड कचऱ्यात नाही, खिशात नाही. रेंजवर त्यासाठी ठेवलेल्या डब्यात, रेंज ऑफिसरला सांगून.

ड्राय फायरमुळे असं होतं का?

होऊ शकतं. रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढला की पिन राउंडच्या कडेऐवजी चेंबरच्या काठावर आपटते, तिथे खळगा पडतो, आणि त्या खळग्याची वर आलेली कड पुढे राउंड आत जाताना आणि पुंगळी बाहेर येताना आडवी येते. बऱ्याच मॅच पिस्तुलांत ड्राय फायरची वेगळी सोय असते, मॅन्युअलमध्ये कशी वापरायची ते दिलेलं असतं, तीच वापरा. नसेल तर .२२ चे प्लास्टिकचे डमी राउंड मिळतात.

आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, बोल्ट हललाच नाही. पुढचा राउंड मारू?

थांबा. हा एकच प्रश्न पाठ करून ठेवला तरी चालेल. फुसका आवाज म्हणजे गोळी बॅरलमध्येच अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी गोळी गेली की बॅरल फुगते, कायमची जाते, हाताला इजा होते ती वेगळीच. हात वर करा, रेंज ऑफिसरला बोलवा, पिस्तूल रिकामं करून बॅरलमधून उजेड दिसतो का ते बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. दिसला नाही तर गोळी काढायचं काम जाणकाराचं.

एकदाच ट्रिगर ओढला आणि दोन राउंड सुटले!

पिस्तूल त्याच क्षणी बंद, बाजूला, कोचला सांगा. ‘एकदाच झालं’ म्हणून सोडू नका. मळ असू शकतो, पण बहुधा ट्रिगरशी कुणीतरी खेळलेलं असतं. २५ मीटर पिस्तुलाला ट्रिगर कमीत कमी १००० ग्रॅमचा लागतो, त्याच्या अगदी काठावर राहायच्या नादात लोक स्क्रू फिरवत बसतात आणि सिअरची (हॅमरला अडवून धरणाऱ्या खटक्याची) पकड इतकी कमी होते की बोल्ट पुढे आपटल्याच्या धक्क्याने हॅमर सुटतो. फॅक्टरी सेटिंगवर परत आणायचं काम गनस्मिथकडून करून घ्या. थोडी वाढीव ग्रॅम राहू दे, वजन तपासणीतही डोक्याला ताप नाही.

नवीन पिस्तूल आल्यावर साफ करायचं की तसंच वापरायचं?

साफ करूनच. कारखान्यातून येताना गंज लागू नये म्हणून घट्ट तेल किंवा ग्रीस लावलेलं असतं, ते चालवण्यासाठी नसतं. मॅन्युअलमध्ये जेवढं खोलायला सांगितलंय तेवढंच खोला, पुसून काढा, बॅरलमधून कोरड्या चिंध्या आरपार काढा. मग बोल्ट ज्या पट्ट्यांवर सरकतो तिथे हलक्या गन ऑइलचा एकेक थेंब, पसरवून, जास्तीचं पुसून. चेंबर कोरडं. मॅगझिन आतून कोरडं. काडतुसं कोरडी, काडतुसाला तेल कधीच नाही.

शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, गाडीचं ग्रीस, सगळं लोक लावून बघतात. नको. खोबरेल तर थंडीत थिजतं.

नंतर रोज शूटिंग झालं की बोल्टचं तोंड, एक्स्ट्रॅक्टरचं नख, रॅम्प, जुन्या टूथब्रशने. मॅगझिन आठवड्यातून एकदा. बॅरल मात्र रोज घासायची गरज नाही, .२२ ची बॅरल मळण्यापेक्षा चुकीच्या रॉडने जास्त खराब होते.

पावसाळ्यात आणि थंडीत जास्त अडकतं, हा भास आहे का?

भास नाही. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेतला ओलावा पिस्तुलाच्या बॉक्समधल्या फोममध्ये मुरतो आणि लोखंडाला बारीक तांबूस ठिपके यायला लागतात, मॅगझिनच्या स्प्रिंगला सगळ्यात आधी. बॉक्समध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि घरी आल्यावर बॉक्स उघडून पिस्तूल पुसून ठेवा, अर्थात कुलपातच.

थंडीचं वेगळं. पुण्यात बालेवाडीला सराव केलेली मुलं डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला कर्णी सिंग रेंजवर जातात, सकाळच्या रिलेला (नेमबाजांच्या पाळीला) हात गोठलेले असतात, आणि जे पिस्तूल इथे महिनाभर अडकलं नाही ते तिथे अडकतं. गोळीवरचं मेण कडक होतं, तेल घट्ट होतं, बोल्ट मंदावतो. थंड ठिकाणी जाताना तेल आणखी कमी आणि पातळ ठेवा, आणि काडतुसाचा डबा रिले सुरू होईपर्यंत जॅकेटच्या आतल्या बाजूला ठेवा.

किती राउंडनंतर पिस्तूल ‘सेट’ होतं?

दोन-तीनशे राउंडपर्यंत तुरळक अडकणं मी मनावर घेत नाही, पाचशेपर्यंत कमी होत जायला हवं. अट एकच, काडतूस बरोबर, मॅगझिन बरोबर आणि साफसफाई झालेली असली पाहिजे. पाचशेनंतरही प्रत्येक डब्यात अडकत असेल तर दाखवायची वेळ आली. सेट होईपर्यंत मॅच लावू नका.

ओळखीचे एकजण म्हणाले, रॅम्प पॉलिश करून आणि स्प्रिंगचा एक वेढा कापून देतो, लगेच चालेल.

नको म्हणा, नम्रपणे. स्प्रिंग कापली की पुंगळी बाहेर पडायला लागेल, खरंय, पण बोल्ट मागे जास्त जोरात आपटेल आणि पुढे येताना राउंड बसवायला जोर कमी पडेल, म्हणजे एक जॅम जाऊन दुसरा आला. रॅम्पचा कोन जरा बदलला तर नवी बॅरल घ्यावी लागेल, घासून गेलेला धातू परत येत नाही. शिवाय आर्म्स ॲक्ट, १९५९ खाली शस्त्र दुरुस्तीच्या धंद्यालाही लायसन लागतं. ओळखीचा मेकॅनिक कितीही हुशार असला तरी त्याच्या हातात पिस्तूल देणं हे तुमच्या लायसनला धोका आहे. अधिकृत डीलर किंवा लायसनधारक गनस्मिथकडेच द्या, पिस्तुलाच्या नंबरसकट पावती घ्या. वॉरंटीचं तर सांगायलाच नको, घासलेल्या पार्टवर कुठलीही कंपनी हात वर करते.

जाताना सोबत काय न्यायचं? सगळी मॅगझिन नंबरासकट, ज्या काडतुसावर अडकतं त्याचं नाव आणि लॉट, अडकलेल्या दोन-चार रिकाम्या पुंगळ्या आणि ती वही. पुंगळीवरच्या खुणा बघून चांगला गनस्मिथ पिस्तूल उघडायच्या आधीच निम्मं निदान करतो.

मॅचमध्ये अडकलं तर?

हे सरावातच पाठ करा, रॅपिडच्या सिरीजमध्ये (पाच शॉटच्या झटपट फेरीत) दर शॉटला तीन सेकंदांसाठी टार्गेट समोर असतं, तेव्हा विचार करायला वेळ नसतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं एअर पिस्तूल ऐन क्वालिफिकेशनमध्ये बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि फायनल थोडक्यात हुकली, अख्ख्या देशाने बघितलंय.

२५ मीटरला दोन रस्ते असतात. एक, स्वतः झटकन काढून सिरीज पुढे चालू ठेवायची. तसं केलं की मग मालफंक्शन (बिघाडाची सवलत) मागता येत नाही, एखादा पार्ट तुटला असेल तरच. दोन, पिस्तूल तसंच, नळी टार्गेटकडे ठेवून, रिकामा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसरची वाट बघायची. बोल्टला हात लावायचा नाही. ऑफिसर बघून ठरवतो. पुंगळी अडकली, राउंड अडकला, पिन तुटली, ट्रिगर चालला तरी फुटलं नाही, हे मान्य होतं. सेफ्टी काढायची राहिली, राउंड कमी भरले, मॅगझिन नीट बसवलं नव्हतं, आधीच्या शॉटनंतर ट्रिगर पुरेसा सोडला नव्हता, चुकीचं काडतूस घातलं, हे मान्य होत नाही आणि न मारलेल्या शॉटचे शून्य. पिस्तूल दुरुस्त करायला किंवा बदलायला १५ मिनिटं मिळतात. मालफंक्शन किती वेळा मागता येतं त्यालाही मर्यादा आहे, ती चालू रूलबुकात बघून जा, आयएसएसएफ (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) नियम बदलत राहतं.

घरच्यांनी मॅचच्या आदल्या रात्री पिस्तूल ‘चकाचक’ करू नये, ही कळकळीची विनंती. जे चालतंय ते तसंच राहू द्या, मेणाचा हलका थर असलेली बॅरल ठीक मारत असते, साफ केल्यावर पुन्हा बसायला काही राउंड लागतात.

शेवटच्या राउंडनंतर बोल्ट उघडा राहायला हवा ना? आमचा कधी राहतो, कधी बंद होतो.

मॅन्युअलमध्ये तशी सोय दिलीये का ते आधी बघा. असेल तर मॅगझिनचा फॉलोअर वर येऊन बोल्टला अडवतो. मळाने फॉलोअर सुस्त झाला, मॅगझिनची स्प्रिंग उलटी बसली, काडतूस कमजोर असल्याने बोल्ट तिथपर्यंत पोचलाच नाही, किंवा तुमचा अंगठा खटक्यावर टेकलाय, यातलं एक असतं. आणि काही असो, बोल्ट बंद आहे म्हणजे पिस्तूल रिकामं आहे असं धरू नका, मॅगझिन काढा, चेंबर बघा, फ्लॅग घाला.